रक्ताच्या काट्याला शिक्का कोणाचा?

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात 'क्रिएटिनीन' हा शब्द आता एसटीत आणि लग्नाच्या मांडवातही ऐकू येतो. बोअरचं पाणी खारं, ओळखीपाळखीत कोणी ना कोणी किडनीचा पेशंट. त्यामुळे दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागातल्या माणसाच्या हाती रिपोर्ट पडला की बोट आधी त्या ओळीवर जातं. किडनी एकट्या खाऱ्या पाण्याने जाते, की उन्हातली अंगमेहनत, अंगदुखीच्या गोळ्या, कधीच न मोजलेलं बीपी आणि साखर हेही त्यात मिसळलेलं असतं, हा वेगळा आणि वादाचा विषय. इथे आपल्याला फक्त त्या आकड्याकडे पाहायचं आहे.

समजा, दर्यापूरकडचा पन्नाशीचा एक शेतकरी आहे. जूनमध्ये त्याने अकोल्याला रक्त तपासलं, क्रिएटिनीन १.२ आलं. ऑगस्टमध्ये तो मुलीकडे अमरावतीला गेला, तिथे पुन्हा तपासलं, १.५. डॉक्टरांपुढे बसल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, माही किडनी गेली का जी?"

प्रश्न भाबडा नाही. क्रिएटिनीन, वय आणि लिंग यांवरून किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढण्याचं सध्या सर्वाधिक चालणारं सूत्र २०२१ सालचं आहे. त्यात हे आकडे घातले तर अकोल्याच्या रिपोर्टवर उत्तर ७४ च्या आसपास येतं आणि अमरावतीच्या रिपोर्टवर ५६. साठच्या खाली गेलं आणि तीन महिने तिथेच राहिलं, तर किडनीचा जुनाट विकार असं लिहिलं जातं. तेव्हा ०.३ च्या फरकाने माणूस रेषेच्या या बाजूने त्या बाजूला जातो. पण ही रेषा किडनीने ओलांडली की लॅबने, हे रिपोर्ट सांगत नाही.

क्रिएटिनीन मोजण्याची सगळ्यात स्वस्त आणि आजही तालुक्या-तालुक्यांत चालणारी पद्धत माक्स जाफे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८८६ सालच्या निरीक्षणावर उभी आहे. क्रिएटिनीनमध्ये अल्कलीच्या सोबतीने पिक्रिक आम्ल मिसळलं की नारिंगी-लाल रंग येतो. रंग जितका गडद, तितकं क्रिएटिनीन जास्त. अडचण अशी की हा रंग फक्त क्रिएटिनीनच आणतं असं नाही. रक्तातली प्रथिनं, साखर, मधुमेहात वाढणारे कीटोन, काही अँटिबायोटिक्स हेही त्या रंगात थोडी भर घालतात; कावीळ असेल तर बिलिरुबिनमुळे रंग उलट फिका पडतो. एकट्या प्रथिनांमुळेच आकडा साधारण ०.२ ते ०.३ ने फुगू शकतो. म्हणून काही कंपन्यांची किट हा फुगवटा आधीच वजा करून उत्तर देतात. दुसरी पद्धत एन्झाइमची. ती क्रिएटिनीनलाच धरते, पण महाग पडते. आता अकोल्याच्या लॅबमध्ये एन्झाइमचं किट असेल आणि अमरावतीच्या लॅबमध्ये जुन्या धाटणीचं जाफेचं, तर आपल्या शेतकऱ्याची किडनी जूनमध्ये होती तशीच ऑगस्टमध्येही असू शकते. दोन्ही लॅबनी आपापलं काम प्रामाणिकपणे केलेलं असूनही.

यावर जगाने शोधलेला उपाय म्हणजे सगळ्यांनी आपली मोजपट्टी एकाच मूळ पट्टीला बांधायची. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापांच्या राष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये गोठवलेलं मानवी सिरम बाटल्यांत भरून विकायला काढलं. त्यातलं क्रिएटिनीन मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या सर्वांत भरवशाच्या पद्धतीने मोजलेलं असतं. किट बनवणारी कंपनी आपला कॅलिब्रेटर त्या बाटलीशी जुळवते आणि लॅब आपलं मशीन त्या कॅलिब्रेटरशी. साखळी अखंड असली तर अकोल्याचं १.२ आणि बोस्टनचं १.२ एकच. ही साखळी जोडताना गणितही बदलावं लागलं: किडनीचं १९९९ सालचं प्रसिद्ध सूत्र जुन्या पट्टीवर बेतलेलं होतं, त्यातला १८६ हा गुणक नव्या पट्टीसाठी १७५ करावा लागला. नव्या पट्टीवर क्रिएटिनीनचा आकडा थोडा खाली येतो; गुणक सहा टक्क्यांनी उतरवला नसता, तर एकाही माणसाची किडनी बदलली नसताना कागदावर सगळ्यांची क्षमता वाढलेली दिसली असती. एखाद्या लॅबने मशीन नव्या पट्टीला बांधलं पण सॉफ्टवेअरमध्ये सूत्र जुनंच ठेवलं, तर ती चूक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. रिपोर्ट छान रंगीत छापून येतो.

बरं, लॅब तीच, पद्धत तीच, टेक्निशियनही तोच असला तरी आकडा हलतोच. निरोगी माणसाचं क्रिएटिनीन आठवड्या-आठवड्याला साधारण पाच टक्के इकडे-तिकडे होतं. आदल्या रात्री मटण झालं असेल किंवा दिवसभर उन्हात घाम गेला असेल तर आणखी. मशीनची स्वतःची थरथर चांगल्या लॅबमध्ये चार टक्क्यांच्या घरात धरू. संख्याशास्त्राने हे दोन्ही एकत्र केले की उत्तर येतं सुमारे १८ टक्के: एकाच लॅबमधल्या दोन रिपोर्टांत एवढ्यापेक्षा कमी फरक असेल, तर काही घडलं आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. १.२ चं १.४ झालं तर १७ टक्के. थांबा, पुन्हा तपासा. १.२ चं १.५ झालं तर २५ टक्के, लक्ष द्या. मात्र लॅब बदलली असेल तर हा हिशेबच लागू पडत नाही, कारण दोन पट्ट्यांमधला फरक त्यात धरलेला नाही. त्या शेतकऱ्याला एकच सल्ला देता येतो. पुढची तपासणी अकोल्याच्याच लॅबमध्ये करा, आणि सोबत लघवीतलं प्रथिनही बघा.

रक्त मशीनमध्ये जाण्याआधीच निम्म्याहून जास्त घोटाळे होऊन गेलेले असतात, ही या क्षेत्रातली सर्वमान्य गोष्ट आहे. वऱ्हाडात तर ती जास्तच खरी. अकोल्याचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी वीजही जाते. नळीतल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेल्या रक्तातली साखर दर तासाला ५ ते ७ टक्के घटते, उन्हाळ्यात त्याहून वेगाने. सकाळच्या शिबिरात घेतलेल्या रक्तात १२६ साखर असेल, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तर तीन तासांनी लॅबला ती १०५ च्या आसपास सापडेल. माणूस खुशीत घरी जाईल. करड्या टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड ही गळती थांबवतं खरं, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. तेवढ्यात व्हायचं ते नुकसान होतंच.

मेळघाटचा विचार करा. धारणी ते अमरावती रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सेमाडोहचं जंगल आणि घाट. राज्य सरकारच्या महालॅब योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रांवरून नमुने गोळा होऊन मोठ्या लॅबकडे जातात. विचार उत्तम आहे. कोरकू पाड्यावरच्या बाईला थायरॉइडच्या तपासणीसाठी शहर गाठावं लागत नाही. पण नमुना घाटातून हादरत, तापत गेला तर लाल पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर पडतं. रिपोर्टवर साडेसहा पोटॅशियम दिसलं की हृदय बंद पडण्याची भीती वाटावी, आणि बाई मात्र ओसरीवर ज्वारी निवडत बसलेली. गंमत म्हणजे यावर उपाय म्हणून कोणी न फिरवलेलं रक्त फ्रीजमध्ये ठेवलं तर तेही चुकतं: थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि त्या न फुटताही पोटॅशियम बाहेर झिरपतं. बरोबर रीत एकच आहे, रक्त गोठलं की तिथेच केंद्रावर सेंट्रिफ्यूज फिरवून सिरम वेगळं करायचं आणि मग पाठवायचं. त्यासाठी केंद्रावर चालू सेंट्रिफ्यूज, वीज आणि वेळ असलेला माणूस हवा. यातलं तिसरं सगळ्यात दुर्मिळ.

मेळघाटाचं आणि एकूण विदर्भाचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे सिकलसेल. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ सालची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. त्याच दशकात नागपूर भागातूनही नोंद झाली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, पण महाराष्ट्रात तपासणीचं काम त्याच्या बरंच आधीपासून चालू आहे. पहिली पायरी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. स्वस्त, मिनिटांत उत्तर, नळीमागे धरलेल्या रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. ही चाचणी वाईट नाही, तिच्याकडून जास्तीची अपेक्षा करणं वाईट. वाहक म्हणजे एएस, आणि रुग्ण म्हणजे एसएस, यांतला भेद तिला कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं, त्यामुळे तिथे ती आजार चुकवते. माणसाचं हिमोग्लोबिन फार खाली गेलं असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तरी फसते. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्याचं रक्त हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर जायलाच हवं. नुसत्या सोल्युबिलिटीवर एखाद्या मुलीचं लग्न मोडलं गेलं, तर दोष त्या नळीचा नाही.

याच सिकलसेलचा एक धागा मधुमेहाशी जुळतो, आणि तो वऱ्हाडातल्या डॉक्टरांनी कायम लक्षात ठेवावा असा आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी म्हणजे मानकीकरणाच्या यशाची कथा. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह अभ्यासाने सिद्ध केलं की हा आकडा खाली ठेवला तर डोळे आणि किडन्या वाचतात. पण तेव्हा एकाच रक्ताचं उत्तर वेगवेगळ्या लॅबमधून इतकं वेगळं यायचं की 'सातच्या खाली ठेवा' या सल्ल्याला अर्थच उरत नव्हता. मग १९९६ मध्ये एनजीएसपी हा कार्यक्रम सुरू झाला आणि काही वर्षांत जगभरची मशीनं त्या एका पट्टीला बांधली गेली.

पट्टी सरळ झाली, पण रक्त सगळ्यांचं सारखं नसतं. ही चाचणी लाल पेशीला चिकटलेली साखर मोजते आणि पेशी १२० दिवस जगते असं गृहीत धरते. एसएस रुग्णाच्या पेशी दहा-वीस दिवसांतच मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. अशा रुग्णात कितीही महागडं मशीन असलं तरी एचबीएवनसी निरुपयोगी. वाहकाच्या बाबतीत गोष्ट जरा नाजूक आहे. बहुतेक आधुनिक मशीनं एएस रक्त नीट हाताळतात, काही हाताळत नाहीत. शिवाय आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांवरच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की साखर तेवढीच असूनही वाहकांचं एचबीएवनसी सुमारे ०.३ ने कमी येतं. उलट लोहाची कमतरता असली की हाच आकडा वर सरकतो. आता धारणीची सिकलसेल वाहक, लोह कमी असलेली आणि मधुमेह असलेली बाई डोळ्यांसमोर आणा. एक कारण आकडा खाली ओढतं, दुसरं वर ढकलतं, आणि रिपोर्टवर ६.४ असं स्वच्छ टायपात छापलेलं असतं. एचपीएलसीच्या ग्राफवर जास्तीचा उंचवटा दिसला तर जागरूक टेक्निशियन तो डॉक्टरांच्या नजरेस आणून देतो. ग्राफच न छापणाऱ्या लॅबमध्ये ही संधी जाते. अशा पेशंटला उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साधी साखर जास्त खरं सांगते.

हिमोग्लोबिनचं काय? आपल्याकडच्या कित्येक केंद्रांत वर्षानुवर्षं सालीची नळी चालली: रक्तात हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, तपकिरी रंग आला की पाणी घालत-घालत बाजूच्या काचेशी डोळ्यांनी जुळवायचं. दोन माणसं, दोन डोळे, खिडकीतला उजेड वेगळा, आणि एकच थेंब साडेदहा किंवा साडेअकरा. १९६० च्या दशकात सायनमेटहिमोग्लोबिन पद्धत आंतरराष्ट्रीय मानक ठरली आणि डोळ्याची जागा फोटोमीटरने घेतली. तरी गोंधळ संपला नाही, तो बोटाच्या टोकावर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोट टोचून काढलेला थेंब हातातल्या छोट्या यंत्रात घालत असत. बोट दाबून थेंब काढला की ऊतींतलं पाणी मिसळतं. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या ५८.६ टक्के मुलांना ॲनिमिया होता. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये मोजलं तेव्हा साधारण त्याच वयाच्या मुलांत तो ४१ टक्के निघाला. पुढे २०१९-२१ मध्ये पुन्हा बोटाच्या थेंबावर ६७.१ टक्के. ॲनिमिया आहे आणि मोठाच आहे, यात वाद नाही. पण तो वाढला की मोजणी बदलली, याचं उत्तर न देता त्यावर योजना आखल्या जातात आणि विधानसभेत भांडणंही होतात.

जाता जाता 'फुल बॉडी चेकअप'बद्दल. रिपोर्टवर कंसात छापलेली नॉर्मल मर्यादा म्हणजे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची पट्टी. उरलेले पाच टक्के निरोगी असूनही बाहेरच पडणार. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर धडधाकट माणसाचाही किमान एक आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. सत्तर चाचण्यांचं पॅकेज स्वस्तात देणाऱ्याला हे गणित चांगलं माहीत असतं.

चांगली लॅब ओळखायची कशी? सकाळी पहिला पेशंट येण्याआधी तिथे कंट्रोल लावलेला असतो. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सिरम मशीनला खाऊ घालायचं आणि उत्तर तक्त्यावर टिंबाने मांडायचं. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातली ही रीत १९५० मध्ये रक्ताच्या लॅबमध्ये आणली. टिंब किती वेळा, कोणत्या दिशेने सरकलं तर काम थांबवायचं, याचे नियम वेस्टगार्डने १९८१ मध्ये घालून दिले. 'कंट्रोल आऊट जातोय' म्हणून पेशंटचे रिपोर्ट दोन तास अडवून ठेवणारा टेक्निशियन भेटला तर त्याच्यावर चिडू नका, त्याचे आभार माना. पण रोज न चुकता तेच चुकीचं उत्तर देणारं मशीन घरच्या कंट्रोलवर कधीकधी पकडलं जात नाही. त्यासाठी बाहेरचा परीक्षक लागतो. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज बायोकेमिस्ट्रीसाठी आणि दिल्लीचं एम्स रक्तपेशींच्या तपासण्यांसाठी असा कार्यक्रम चालवतं: अनोळखी नमुना पाठवायचा, लॅबने तपासून उत्तर कळवायचं आणि देशभरातल्या त्याच पद्धतीच्या लॅबमध्ये आपण कुठे बसतो ते पाहायचं. खर्च फार नाही, आणि तालुक्याच्या लॅबलाही तो परवडू शकतो.

मात्र हे सगळं ऐच्छिक आहे. एनएबीएल ही मानांकन देणारी संस्था १९८८ पासून आहे, तिचं प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हे लॅबच्या मर्जीवर. केंद्राचा २०१० सालचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम कायदा चालतो आणि त्याची नजर खाटांवर आहे, टेस्ट ट्यूबवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ ला सांगितलं की रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. सही आवश्यकच आहे. पण एकाच डॉक्टरची सही एकाच दिवशी चार गावांतल्या रिपोर्टांवर दिसते, ही राज्यातल्या पॅथॉलॉजिस्टांचीच जुनी तक्रार आहे. आणि सही खरी असली तरी तिने मशीनचं कॅलिब्रेशन होत नाही.

अकोल्याच्या कापूस बाजारातला काटा ठरावीक मुदतीने वैधमापन विभागाकडून तपासून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर शेतकरी तिथेच आवाज चढवतो, आणि त्याला कायद्याचा आधार असतो. २००९ च्या वैधमापन कायद्याखालच्या नियमांत ताप मोजायचं थर्मामीटर आणि बीपीचं यंत्रही येतं. रक्त तपासणारं ॲनालायझर येत नाही. ज्या आकड्यावर डायलिसिस ठरतं, इन्सुलिन ठरतं, लग्न ठरतं किंवा मोडतं, तो काढणाऱ्या काट्याला शिक्का सक्तीचा नाही, ही स्थिती समर्थनीय नाही. महाराष्ट्राने लॅबसाठी स्वतंत्र कायदा करावा आणि त्यात इमारतीच्या चौरस फुटांआधी दोन गोष्टी लिहाव्यात: रोजचा कंट्रोल आणि बाहेरच्या परीक्षकाचा निकाल, दोन्ही पेशंटला मागितल्यास दाखवण्याचं बंधन.

तो होईपर्यंत लॅबच्या काउंटरवर तीन प्रश्न विचारा. क्रिएटिनीन कोणत्या पद्धतीने करता? बाहेरच्या तपासणी कार्यक्रमात आहात का? माझं रक्त किती वाजता मशीनवर लागेल? आणि जुने रिपोर्ट फेकू नका. पुढच्या वेळी त्याच लॅबमध्ये जा आणि ते सोबत न्या.